उकडलेली माती

आमच्या घरी माती उकडत असत. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी "काय उकडत?" असं पुन्हा विचारलं, म्हणून आधीच स्पष्ट करते. माती. अंगणातली, काळी, साधी माती. मोठ्या तपेल्यात तळाशी पाणी, वर चाळण, चाळणीवर फडक्यात बांधलेली माती आणि त्यावर घट्ट झाकण. मोदकांना देतात तशीच वाफ, फक्त जास्त वेळ. शेजारच्या गुजराती काकी कुंपणावरून विचारायच्या, "आज काय शिजतंय तुमच्याकडे?" आणि आई गंभीर चेहऱ्याने सांगायची, "आज मातीच आहे हो. येता का जेवायला?"

उकडणारे अर्थात माझे वडील. अप्पा उपनगराच्या आरोग्य खात्यात होते. विहिरींत जांभळं औषध टाकणं, गटारांवर फवारे मारणं, हॉटेलांच्या मोऱ्यांत वाकून बघणं हे त्यांचं काम, आणि ते काम ते संध्याकाळी सोबत घेऊन घरी यायचे. पाणी उकळलेलं, दूध दोनदा उकळलेलं, केळं सोलायच्या आधी धुतलेलं. घराला फिनेलचा वास, अप्पांना फिनेलचा वास, माझ्या शाळेच्या दप्तरालाही तोच. "जंतू" हा शब्द ते अशा आवाजात उच्चारायचे की तो इसम दाराबाहेरच उभा आहे असं वाटावं. आई म्हणायची, "लग्नात ह्यांनी माझा हात धरला तो माझे हात धुऊन झाल्यावर."

आम्ही बोरीवलीला राहत होतो, स्टेशनच्या पूर्वेला. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. कौलारू दोन खोल्या, पुढे ओटा, मागे परसू, परसवाच्या पलीकडे भाताची खाचरं आणि मग डोंगर. एवढी जागा मुंबईत कुणाच्या नशिबी नव्हती. पण त्या परसवात अप्पांनी काहीएक उगवू दिलं नव्हतं, कारण शेणखताशिवाय काही उगवत नाही आणि शेण ह्या शब्दानेच त्यांना कापरं भरायचं. मागची जमीन झाडून, चुना टाकून अशी ठेवलेली असायची की तिथे जेवायला बसावं.

अशा घरात आत्या आली.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. ती कोकणात तिच्या सासरी, मालवणकडच्या एका गावात राहायची. नवरा वारल्यावर तिथे ती दिरांच्या घरात राहिली, म्हणजे पहाटे उठून म्हशीचं करायचं, सगळ्यांची जेवणं उरकली की चुलीपाशी बसून उरलंसुरलं खायचं आणि रात्री पडवीत पथारी टाकायची. अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं. मे महिना होता. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद होतात, त्याच्या आतल्या शेवटच्या बोटींपैकी एकीने ती भाऊच्या धक्क्याला उतरली आणि अप्पा तिला घरी घेऊन आले. एक ट्रंक, एक कुळथाचं गाठोडं, आणि काखेत रॉकेलचा कापलेला डबा. डब्यात माती आणि मातीत वीतभर उंचीचं पपनसाचं रोप.

सासरच्या विहिरीजवळ, तिच्या भाषेत बावीकडे, पपनसाचं जुनं झाड होतं. भांड्यांचं पाणी ती वर्षानुवर्षं त्या झाडाच्या बुंध्याशी ओतायची. तिला मूलबाळ नव्हतं आणि झाडालाच ती मूल मानायची, असलं काही मी लिहिणार नाही. ती झाडाला झाडच मानायची आणि फळं कमी धरली की त्याला शिव्याही घालायची. पण सासर सोडताना तिने कुणाकडे काही मागितलं नाही. त्या झाडाखाली आपोआप रुजलेलं एक रोप तेवढं तिने त्याच्या मातीसकट उचललं आणि डब्यात घातलं.

ओट्यावर पाय ठेवायच्या आतच अप्पांनी डबा तिच्या हातातून घेतला. "ताई, आधी आंघोळ," ते म्हणाले. तिच्यासाठी औषध घातलेलं कढत पाणी तयारच होतं. ती न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून बाहेर आली तेव्हा अप्पा मोरीत उकिडवे बसले होते. रोप त्यांनी डब्यातून उपसलं होतं आणि नळाखाली धरून त्याची मुळं धूत होते. अगदी काळजीपूर्वक, एकेक तंतू सुटा करत. मग जांभळ्या औषधात बुडवून पुन्हा धुतली. मुळं पांढरीशुभ्र दिसायला लागली. डब्यातली सगळी माती मोरीच्या भोकातून गेली.

"गावच्या मातीत हुकवर्म असतात," अप्पांनी मला समजावलं. "अनवाणी पायांतून शिरतात. आता हे झाड स्वच्छ झालं."

आत्या दारात उभी राहून बघत होती. मी तेव्हा तिच्याकडे नीट पाहिलं नाही. मला त्या जांभळ्या पाण्याची गंमत वाटत होती.

मग अप्पांनी माती उकडली. बहिणीच्या झाडासाठी आधी तीन तपेली, मग वरचेवर भर घालायला आणखी. खात्यातून टाकून दिलेलं एक पिंप अर्धं कापून आणलं, आतून चुना मारला, विटांवर ठेवलं म्हणजे खालच्या जमिनीशी संबंध नको, आणि त्यात ती वाफवलेली, गार केलेली माती भरून रोप लावलं. पाणीसुद्धा उकळून निवलेलं. वर डासांची जाळी. आमच्या घरात माझ्या आजारपणात माझी जेवढी बडदास्त ठेवली नसेल तेवढी त्या पपनसाची होती. अप्पांचं बहिणीवर प्रेम होतं हो, अगदी होतं. पण ते प्रेम असंच, वाफेतून काढलेलं बाहेर यायचं.

आत्या घरात रुळली, निदान मला तसं वाटलं. फिनेलच्या वासावर तिने सोलकढीची आणि तिरफळांची मात केली. अप्पा कामावर गेले की ती पदर खोचून मला गावातल्या एकेका माणसाची नक्कल करून दाखवायची. माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे, आणि मी ओरडले की म्हणायची, "गप रव. चेडवाचे केस असत की म्हशीचा शेपूट?" आईसुद्धा तिच्या येण्याने मोठ्याने हसायला लागली. मी नुकतीच अंधेरीच्या कॉलेजात सायन्सला जायला लागले होते. संध्याकाळी परतल्यावर आत्या ओट्यावर बसलेली दिसली नाही तर मला घर रिकामं वाटायचं. हे तिला सांगायला हवं होतं, पण अशा गोष्टी सांगायच्या असतात हे आमच्या घरात कुणाला ठाऊक होतं!

पपनस मात्र रुळलं नाही. मेलं नाही, एवढंच. जी पानं घेऊन आलं होतं त्यांतली निम्मी गळली, उरलेली पिवळट पडली. पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली, नवं पान म्हणून फुटेना. अप्पा हैराण. त्यांनी हाडांचा चुरा आणला, तोही वाफवून घातला. विलायती खत मोजून मापून दिलं. पिंपाची जागा बदलली. रोज सकाळी चष्मा कपाळावर चढवून ते त्या रोपाला न्याहाळायचे आणि म्हणायचे, "एकही जंतू नाही. मग ह्याला झालंय तरी काय?"

होळी झाली आणि एका दुपारी तांदूळ निवडता निवडता आत्या म्हणाली, "आता बोटी बंद होवच्या आधी मी जातंय."

"कुठे?" मी विचारलं.

"घराक. दिराकडे."

मी चिडले. रागावले की माझा आवाज चढतो, तो आजतागायत. मी म्हटलं, "वेडी आहेस का तू? पडवीत झोपायला जातेस? काय कमी आहे इथे?"

तिने सूप खाली ठेवलं. परसवातल्या पिंपाकडे बोट केलं. "ता बघ. वर्स होत इला. ता हय लागाचा नाय आणि मीय लागाचंय नाय." मग हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाशीन ती माती मोरयेत ओतल्यान. बावीकडची माती, माझ्या हातची. माका वाटला, माकाच ओतल्यान. बापाशीक सांगशीत तर बघ."

मला रडूच आलं. अप्पांचा राग आला, आत्याचा राग आला, त्या मरतुकड्या झाडाचा सगळ्यात जास्त राग आला. मी म्हटलं, "पण त्यांनी मुद्दाम नाही केलं गं." ती म्हणाली, "माका म्हायत आसा." लहानपणी त्यांचा सगळ्यात धाकटा भाऊ पटकीने गेला होता. आत्याने त्याला मांडीवर घेतलं होतं आणि अप्पा उंबऱ्यावर बसून होते. तेव्हापासून अप्पा हात धुताहेत, असं ती म्हणाली. तिला सगळं कळत होतं. कळूनही ती जाणार होती.

त्या संध्याकाळी मी कुंपणापाशी रागाने येरझारा घालत होते. पलीकडे काकींचं जुनं कागदी लिंबाचं झाड. त्याच्या बुडाशी काकी खरकटं टाकायच्या, भांडी घासलेली राख टाकायच्या, कोंबड्या तिथे उकरत बसायच्या. अप्पा त्या कोपऱ्याकडे पाहतही नसत. आणि त्या घाणीत, कुणी न लावता, लिंबाची पाच-सहा रोपं उगवली होती. गेल्या पावसाळ्यात ती नव्हतीच. आता माझ्या गुडघ्याला लागत होती, हिरवीगार. लिंबू आणि पपनस एकाच कुळातले, एवढं वनस्पतिशास्त्र मला कळत होतं. एकाला उकळलेलं पाणी, दुसऱ्याला खरकटं, आणि खरकटंवालं माजलेलं. मला हे उद्धटपणाचं वाटलं.

काकींना विचारून मी एक रोप उपटलं. आमच्या पिंपातली बारीक मुळंही थोडी खणून घेतली, आणि दोन्ही ओल्या फडक्यांत गुंडाळून कॉलेजात नेली.

वनस्पतिशास्त्राचे आमचे सर वयस्कर होते आणि मुलींनी प्रश्न विचारले की खूश व्हायचे, कारण मुलं विचारत नसत. मी सगळी हकिगत एका दमात सांगितली. माती उकडण्यापाशी ते थांबले. "काय उकडली?" त्यांनीही पुन्हा विचारलं. मग इतके हसले की त्यांना खोकला आला.

त्यांनी मुळांचे पातळ काप काढले, निळ्या रंगात बुडवले, आणि मला मायक्रोस्कोपखाली दाखवले. आमच्या पपनसाचं मूळ स्वच्छ होतं, पेशींच्या रिकाम्या खोल्या एकापुढे एक. लिंबाच्या मुळात मात्र निळे धागे शिरले होते. पेशींच्या मधून वाट काढत गेलेले, काही पेशींच्या आत जाऊन इवल्याशा झुडपासारखे फांद्या फुटलेले.

"बुरशी," सर म्हणाले. "पण ही मुळाला खात नाही, त्याच्याशी संसार करते. मुळाचा हात जिथवर पोचत नाही तिथवर हिचे धागे मातीत पसरतात. तिथलं पाणी आणि क्षार झाडाला आणून देतात. झाड हिला साखर देतं. पाइनच्या झाडांचं असंच आहे. तिथली बुरशी वेगळी, पण कारभार हाच. परक्या मुलखात पाइनची रोपं लावली की ती खुरटून बसायची. मग जंगलवाल्यांनी जुन्या झाडांखालची थोडी माती आणून टाकली, तेव्हा कुठे ती वाढायला लागली. तुझ्या वडिलांनी झाडाची सोबतच काढून घेतली, पोरी. त्याला उपाशी ठेवलं नाही, एकटं ठेवलं."

मी विचारलं आता काय करायचं. "काही नाही. त्या लिंबाखालची चार ओंजळी माती मुळाशी घाल. न उकडता," सर म्हणाले आणि पुन्हा हसले.

काकींची माती कुंपणापलीकडे होती. त्याच दिवशी घालता आली असती. पण अप्पांना न विचारता त्या पिंपात बोट घालणं म्हणजे घरात महाभारत, आणि अप्पा ऐकणार कुणाचं? माझं नाही, आईचं नाही. मायक्रोस्कोपचं ऐकतील, असं आई म्हणाली. तेव्हा शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाल्यावर मी त्यांना कॉलेजात घेऊन गेले. "तुमच्या झाडाचं निदान झालंय," एवढंच सांगितलं. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, अगदी कचेरीतल्या साहेबाला भेटायला जावं तसे ते आले.

सरांनी पहिली काच लावली. अप्पांनी डोळा लावला आणि तत्काळ म्हणाले, "हा! सापडलं. बुरशी आहे. चांगलीच पसरलीय. हे झाड वाचत नाही."

"साहेब, हे निरोगी झाड आहे," सर शांतपणे म्हणाले. "हे लिंबू. तुमचं पपनस ह्या काचेवर आहे, बघा."

अप्पांनी दुसरी काच पाहिली. पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी. सरांनी मला सांगितलं होतं ते सगळं त्यांनाही सांगितलं, पाइनच्या झाडांसकट. अप्पा वाद घालतील म्हणून मी मनातल्या मनात मुद्दे जुळवून ठेवले होते. एकही लागला नाही. त्यांनी पुन्हा वाकून त्या रिकाम्या मुळावर डोळा लावला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ताईने आणली होती ती माती. डब्यातली. तिच्यात हे असणार?"

"असणारच," मी म्हटलं.

आम्ही घरी निघालो. आत्याने सांगू नको म्हटलेलं मी सांगितलं नव्हतं. तरी मोरीत आपण नक्की काय ओतलं ते त्यांना कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

मी त्यांना सांगितलं, "काकींच्या लिंबाखालची माती चालेल म्हणालेत सर. आत्ता आणते घमेल्यातून." ते चष्मा पुसत राहिले. दोन दिवसांनी त्यांनी रजा टाकली आणि "जरा बाहेरगावचं काम आहे" म्हणून एक पिशवी घेऊन निघून गेले. कुठे, ते आईलाही नीट सांगितलं नाही.

इकडे आत्याचं जाणं पक्कं झालं होतं. गावचं एक कुटुंब बोटीने निघणार होतं, त्यांच्या सोबतीने ती जाणार. तिने ट्रंक भरली. माझ्यासाठी कुळथाचं पीठ दळून डब्यात भरून ठेवलं. आईने दोनदा "राहा हो वन्सं" म्हटलं, आत्याने दोनदा नुसती मान हलवली. निघायच्या आदल्या दिवशीही अप्पांचा पत्ता नव्हता. आत्या ओट्यावर बसून म्हणाली, "बरा झाला तो हय नाय ता. निरोप देवचो लागाक नको." ते ऐकून मी आत निघून गेले, कारण मला माझ्या बापाची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी दाराशी टांगा थांबला. अप्पा उतरले. आधी मी त्यांना ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, त्याच्या पुढच्या भागावर लाल मातीचा भलामोठा ओघळ, आणि नखांत माती. आमच्या अप्पांच्या नखांत! दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला एक डबा, वर ओलं गोणपाट बांधलेलं. टांगेवाला तो डबा घ्यायला पुढे झाला तर त्यांनी दिला नाही.

आत्या उठून उभी राहिली. "ह्या काय रे?"

"माती," अप्पा म्हणाले. "तुझ्या पपनसाखालची. बावीकडची." मग सगळं भराभर सांगून टाकलं. तिच्या दिरांनी आधी विचारलं की जमिनीच्या वाटणीचं काही आहे का. नाही म्हटल्यावर ते हसले, पण फावडं दिलं. बोटीवर लोकांना वाटलं डब्यात लोणचं आहे. माती सुकू नये म्हणून वाटेत त्यांनी पाणी शिंपडलं, आणि ते पाणी उकळलेलं नव्हतं. हे शेवटचं त्यांनी जरा खालच्या आवाजात सांगितलं.

मग ते थेट परसवात गेले. पिंपावरची जाळी काढून फेकली. जमिनीवर बसून त्यांनी खड्डा केला, फावड्याने नाही, हाताने. आत्या त्यांच्या मागोमाग आली. मग खाली बसली आणि म्हणाली, "तसा नाय. मुळाक लागान घाल. दाबू नको इतक्या." रोप त्यांनी पिंपातून जमिनीत हलवलं. डब्यातली लाल माती मुळांभोवती घातली. दोघांचे हात कोपरापर्यंत माखले होते. मी आणि आई दारात उभ्या होतो आणि आमच्यापैकी कुणीही साबण आणायला गेलं नाही.

अप्पांनी मातीत हात तसेच ठेवले. मुंबईत आल्यापासून त्यांनी गावची भाषा घरात कधी वापरली नव्हती, बहिणीशीसुद्धा नाही. ते म्हणाले, "माका समाजला नाय, बाय. मी धुवन टाकलंय." आणि मग, "रव गो हय. जाव नको."

आत्याने पदराने डोळे पुसले, त्यामुळे गालावर मातीचा पट्टा उमटला. मग अप्पांच्या हातांकडे बघून ती म्हणाली, "आधी हात धू रे. घाण झाले सगळे." अप्पा हसले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आई आत गेली आणि दाराशी ठेवलेली ट्रंक ओढत पलंगाखाली सारून आली.

दुसऱ्या दिवशी बोट आत्याशिवाय गेली.

पपनसाने घाई केली नाही. पावसाळा अर्धा सरला तेव्हा शेंड्याला पहिली पालवी आली, आणि ती बघायला आत्याने आळीतल्या सगळ्यांना बोलावलं, काकींना तर दोनदा. पुढच्या वर्षी झाड अप्पांच्या कमरेला लागलं. अप्पा धुवायचं थांबले असं नाही, केळं शेवटपर्यंत धुऊनच खाल्लं त्यांनी. पण मागच्या परसवातला चुना गेला. तिथे आधी मिरच्या आल्या, मग पडवळाचा मांडव, मग अबोली. प्रत्येक नव्या रोपाच्या मुळाशी आत्या पपनसाखालची मूठभर माती घालायची. ते बघून आळीतले लोकही मागायला यायला लागले. अप्पा ओट्यावरून त्यांना बजावायचे, "घ्या हो, पण उकडू नका!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर सगळ्यांच्या आधी हसायचे.

पन्नासचं दशक संपता संपता माझं लग्न झालं. सासर मुलुंडचं, नवं बांधलेलं घर, मागे थोडी मोकळी जागा. मांडवात रुखवत मांडलं होतं. लाडू, चिवडा, आईने विणलेली शाल, साखरेचं तुळशीवृंदावन, आणि त्या सगळ्याच्या मधोमध, जरीच्या फडक्याने तोंड बांधलेला रॉकेलचा एक कापलेला डबा. मी आईकडे पाहिलं. आईने पदर सारखा करायचं निमित्त करून तोंड फिरवलं. पलीकडे अप्पा उभे होते आणि डब्यावरचं फडकं नीट बसलंय ना ते पुन्हा पुन्हा बघत होते.

माझ्या सासूबाई मोठ्या हौसेने एकेक पदार्थ बघत आल्या आणि त्या डब्यापाशी थांबल्या. "अगबाई, आणि ह्यात काय?"

आत्या पुढे झाली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती, आणि हात स्वच्छ होते. तिने डब्यावर तळवा ठेवला.

"माती आसा," ती म्हणाली. "तेवढी धुवू नकात."